शिश्किनचं पाइनवन : मूळ चित्र, फसलेली पहिली प्रत आणि दादाच्या खोलीतली दुसरी

कॅनव्हासवर छापलेल्या एका प्रतीबद्दल लिहायला बसले आहे, पण सुरुवात मूळ चित्रापासून करावी लागेल. प्रत बरी की वाईट हे ठरवायला माझ्याकडे तेवढंच माप आहे.

चित्र इव्हान शिश्किन या रशियन चित्रकाराचं, १८९८ सालचं. रशियन नाव ‘कोराबेल्नाया रोश्चा’, म्हणजे जहाजांच्या लाकडाचं वन. तैलरंग, उंची १६५ सेंटिमीटर, रुंदी २५२. सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये, मिखाइलोव्स्की राजवाड्यात ते टांगलेलं आहे.

आमची लाकडाची वखार होती. वडील गेल्यावर दादाने करवतीची बाजू सांभाळली आणि मी हिशेबाची वही. घेर सुतळीने मोजायचा, त्याची चौथाई काढायची, तिचा वर्ग करून लांबीने गुणायचं आणि घनफूट मांडायचे. आयुष्याची तीस वर्षं मी हेच केलं. त्यामुळे झाडाचं चित्र दिसलं की माझी नजर आधी बुंध्यावर जाते. पानं, आभाळ, उजेड नंतर. चित्रकलेचा अभ्यास असलेल्यांना हे लिखाण अडाणीपणाचं वाटेल कदाचित, पण या एका चित्रापुरतं मला वाटतं की वखारीतल्या माणसाची नजर कामाची आहे.

भाचीच्या कामाला जोडून पीटर्सबर्गला जायचं ठरलं तेव्हा दादालाही नेणार होतो. त्याच्या गुडघ्यांनी ते होऊ दिलं नाही. निघताना तो एवढंच म्हणाला, “त्या जहाजवाल्या झाडांचं चित्र नीट बघून ये. मोबाइलवरचं कळत नाही.”

पहिल्या दिवशी म्युझियम बंद निघालं, मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी परत गेलो. नेव्हस्की प्रॉस्पेक्टवरून आत वळलं की एक चौक लागतो, मधोमध पुश्किनचा पुतळा आहे आणि त्याच्या मागे कार्लो रोस्सीने बांधलेला तो पिवळा राजवाडा. आत दालनं इतकी आहेत की शिश्किनपर्यंत पोहोचेस्तोवर पाय बोलायला लागले. पण एका दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर ते होतं.

माझी उंची १५५ सेंटिमीटर. कॅनव्हास माझ्याहून चार बोटं वरच. अगदी जवळ गेले तर नजरेच्या दोन्ही कडांपर्यंत पाइनच पाइन. पुढे उथळ ओढा आहे, पाणी इतकं नितळ की तळातले दगड दिसतात आणि तळाचा रंग पिवळसर तांबूस. मागे आडव्या दांड्यांचं साधं लाकडी कुंपण. आणि मग ती झाडं, उन्हात उभी. पुढचे बुंधे उन्हाने उजळलेले आणि आत जावं तसतसा गडद होत जाणारा अंधार. तो अंधार काळा नाही. त्यात तपकिरी आहे, हिरवा आहे, मधेच एखाद्या लांबच्या बुंध्यावर पडलेली उन्हाची रेघ आहे. मी एका बुंध्याच्या मागचा दुसरा, त्याच्या मागचा तिसरा असं शोधत गेले, आणि जिथे मला वाटलं की आता संपलं तिथे आणखी एक होता.

सगळ्यात मोठी गोष्ट वरच्या कडेला आहे. त्याने शेंडे दाखवलेलेच नाहीत. मोठी झाडं वर जात जात चौकटीला भिडतात आणि चित्र तिथे कापलं जातं. ओढ्याकाठी उभं राहून आपण खरोखर मान वर न करता समोर बघितलं तर एवढंच दिसेल. उरलेली उंची बघणाऱ्याने मनात धरायची. वखारीत ट्रकमधून उतरलेले ओंडके मी रोज बघायचे, त्यांनाही शेंडा नसायचा, आणि तरी दादा बुंध्याची जाडी आणि वर होणारी निमुळती बघून झाड किती उंच असेल ते सांगायचा. शिश्किन तेच करायला लावतो. बुंधे वर जाताना फारसे बारीक होत नाहीत, म्हणजे झाड अजून बरंच वर गेलेलं आहे.

जहाजाचं लाकूड म्हणजे काय तेही इथे सांगते, कारण त्याशिवाय चित्राचं नाव कळत नाही. डोलकाठीला सरळ, लांब, खालून वरपर्यंत फांद्या नसलेलं झाड लागतं. असं झाड एकटं वाढत नाही. मोकळ्यावरचा पाइन खालपासून फांद्या फेकतो. दाट रानात मात्र खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळतात आणि गळून पडतात, आणि झाड उजेडासाठी वर वर धावतं. थंड प्रदेशात ते सावकाश वाढतं म्हणून आतली वर्षवलयं एकमेकींना चिकटून असतात, आणि राळ असल्यामुळे लाकूड पाण्यात टिकतं. रशियात पीटर द ग्रेटने १७०३ मध्ये फर्मान काढून मोठ्या नद्यांपासून ५० व्हर्स्ट आणि लहान नद्यांपासून २० व्हर्स्टपर्यंतच्या जंगलांची नोंद घ्यायला लावली होती, जहाजांना लागणाऱ्या झाडांसाठी. एक व्हर्स्ट म्हणजे किलोमीटरहून थोडंसं जास्त. शिश्किनने हे चित्र काढलं तोवर शिडांचा काळ सरला होता आणि वाफेवरची जहाजं आली होती. ज्या कामासाठी ही झाडं राखली ते काम राहिलं नाही, झाडं राहिली, आणि नावही राहिलं.

हे रान त्याच्या लहानपणाचं आहे. तो जन्मला १८३२ मध्ये, कामा नदीवरच्या येलाबुगा गावी, व्यापाऱ्याच्या घरात. या चित्राच्या अभ्यासासाठी केलेल्या एका रेखाटनावर त्याने स्वतः लिहून ठेवलंय की हे येलाबुगाजवळचं अफोनासोवो इथलं जहाजांचं वन. छासष्टाव्या वर्षी, मॉस्को, पीटर्सबर्ग, म्युनिक, झुरिक, ड्यूसेलडॉर्फ सगळं करून झाल्यावर, तो गावाजवळच्या झाडांकडे परत आला. हे त्याचं पूर्ण झालेलं शेवटचं मोठं चित्र. रशियन म्युझियम लोकांसाठी उघडलं १९ मार्च १८९८ रोजी आणि दुसऱ्याच दिवशी, २० मार्चला, शिश्किन गेला. नव्या चित्रासमोर, ईझलपाशी बसलेला असताना. त्या नव्या चित्राचा विषयही रानच होता.

मी तिथे तासभर तरी होते. दालनात खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी दोनदा मला हाताने मागे सरकायला सांगितलं, कारण सालीकडे बघता बघता मी पुढे जात होते. साल सांगायलाच हवी. या जातीच्या पाइनची साल खाली जाड, राखाडी, भेगाळलेली असते आणि वर गेल्यावर पातळ होऊन नारिंगी पापुद्र्यांची होते. शिश्किनने हा बदल नेमक्या जागी सुरू केलाय, प्रत्येक झाडाला वेगळ्या उंचीवर. जवळून बघितलं तर तिथे साल नाही, ब्रशचे तुटक फटकारे आहेत. चार पावलं मागे आलं की साल होते.

त्याच्यावर जुना आक्षेप आहे की हा वनस्पतिशास्त्राचा तक्ता काढतो, यात भावना नाही. मला हे पटत नाही. झाड ओळखणं हीच त्याची माया आहे. ज्याला झाड आवडतं तो ‘एक झाड’ असं म्हणत नाही, तो ते कोणतं आणि कुठे वाकलंय ते सांगतो. क्रामस्कोय हा त्याचा समकालीन मोठा चित्रकार त्याला ‘माणूस नव्हे, अख्खी शाळा’ अशा अर्थाने मान द्यायचा, आणि ते या एका कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर कळतं.

आता प्रतीबद्दल.

परत आल्यावर दादासाठी ऑनलाइन एक प्रत मागवली. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी पुढे चूक मान्य केली. पण पहिली प्रत कशी होती ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुमचं तसं होणार नाही.

आकार दिला होता ९० बाय १२० सेंटिमीटर. मला तो ऐकायला मोठा वाटला आणि मी हिशेब केला नाही, तीस वर्षं हिशेबाच्या वहीवर बसलेली बाई मी. मूळ चित्र १६५ ला २५२ आहे. उंची ९० धरली तर रुंदी १३७.५ व्हायला हवी. त्यांनी १२० ला कापलं. म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर रान दोन्ही बाजूंनी गेलं. शिवाय कॅनव्हास चार सेंटिमीटर जाड चौकटीवर ताणून कडा मागे दुमडल्या होत्या, तेव्हा दुमडीत आणखी गेलं. वरची कड तर आधीच शिश्किनने विचार करून कापलेली; तिथून आणखी दोन बोटं कमी झाली की बुंधे खुंटल्यासारखे दिसतात. कडेची झाडं गेल्यावर ते वन राहिलं नाही, मधल्या चार झाडांचा फोटो झाला.

दुसरं, फाइल लहान होती. मी विचारल्यावर कळलं की रुंदीला २४०० पिक्सेल. १२० सेंटिमीटर म्हणजे ४७ इंच. इंचाला जेमतेम ५० ठिपके. ओढ्यातले दगड विरघळून तपकिरी चिखल झाला होता. सालीचा तो राखाडीपासून नारिंगीपर्यंतचा बदल गेला आणि सगळे बुंधे एकाच गाजरी रंगाचे झाले, कारण कुणीतरी रंग भडक केले होते. आतला अंधार सपाट काळा.

दादाला मी काही सांगितलं नव्हतं. त्याने चष्मा पुसला, खुर्ची जवळ घेतली आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “हे लॅमिनेटवरचं लाकूड आहे गं.”

वखारीतल्यांना यापेक्षा वेगळं सांगायची गरज नाही. लॅमिनेटवर लाकडाच्या रेषा छापलेल्या असतात. दुरून लाकूड, हात लावला की काही नाही.

मी विक्रेत्याला मोबाइलवर फोटो आणि मापं पाठवली. त्यांनी वाद घातला नाही, हे त्यांचं श्रेय. पण दुसऱ्या वेळी मी आधीच सगळं लिहून दिलं. पूर्ण चित्र, एक सेंटिमीटरही न कापता. आकार ९० बाय १३७.५. इंचाला किमान १५० ठिपके, म्हणजे रुंदीला ८१०० च्या वर पिक्सेल असलेली फाइल. चमक नसलेला सुती कॅनव्हास, रंगद्रव्याची शाई, भडकपणा वाढवायचा नाही. ताणून नको, चारही बाजूंना पाच सेंटिमीटर कोरी जागा ठेवून गुंडाळी करून पाठवा. आणि आधी सालीचा व ओढ्याचा भाग असलेला एक तळहाताएवढा नमुना.

नमुना आला त्या दिवशी मला बरं वाटलं. दगड मोजता येत होते.

दुसरी प्रत मूळ चित्राच्या क्षेत्रफळाच्या तीस टक्क्यांहूनही थोडी कमी आहे, हे आधी स्वीकारावं लागतं. ती तुम्हाला वेढून घेत नाही. समोर उभं राहिल्यावर कडेला भिंत दिसतेच. उजेडातले बुंधे छान आले आहेत. खालची राखाडी साल, वरची नारिंगी, मधला तो बदल, सगळं ओळखू येतं. ओढा तर फार सुरेख उतरलाय, पाण्याखालचे आणि पाण्यावरचे दगड वेगळे कळतात. कुंपणाच्या दांड्यांवरचं ऊनही आलंय. मोठ्या झाडांच्या पायथ्याशी असलेली लहान रोपं पहिल्या प्रतीत गवतात हरवली होती, इथे आहेत.

जे आलं नाही ते रानाच्या पोटातलं. मूळ चित्रात मी शेवटच्या बुंध्यामागे आणखी एक शोधत होते, प्रतीत दोन रांगा आधीच वाट संपते. गडद रंग शाईला पेलत नाहीत. तैलरंगात अंधारही थरांचा असतो आणि प्रकाश त्या थरांत शिरून परत येतो. छपाईला एकच पातळ थर. खोलीतला दिवा पिवळा असेल तर हे आणखी बिघडतं. आम्ही पांढरा, मंद दिवा वरून तिरका लावला आणि थोडी सुधारणा झाली. हिरवा किंचित निळसर झालाय, पण हे मूळ बघितलेल्यालाच खुपेल.

घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. शिश्किनची पाइनची तीन चित्रं लोक एकमेकांत मिसळतात आणि विकणारेही. १८७२ चं ‘पाइनचं रान, व्यात्का प्रांतातलं डोलकाठीचं लाकूड’ वेगळं, त्यात झाडावरच्या पोळ्याकडे बघणारी अस्वलं आहेत. १८८९ चं ‘पाइनवनातली सकाळ’ सगळ्यात प्रसिद्ध, मोडून पडलेल्या झाडावर खेळणारी अस्वलाची पिल्लं असलेलं; ती अस्वलं सावित्स्की या त्याच्या मित्राने काढली आणि चित्र विकत घेणाऱ्या त्रेत्याकोव्हने सावित्स्कीची सही पुसली. ही दोन्ही मॉस्कोला, त्रेत्याकोव्ह गॅलरीत. मी लिहितेय ते १८९८ चं, अस्वलं नसलेलं. प्रत मागवताना वर्ष आणि मापं दोन्ही लिहून द्या. अस्वलांचं चित्र घरोघरी चालतं, मुलांना आवडतं, त्यात वाईट काही नाही. पण नजर अस्वलांवर जाते आणि तिथेच थांबते. नुसती झाडं हवी असतील तर हेच घ्या.

लावायचं कुठे यावर आम्ही दोन दिवस घालवले. खिडकीसमोर ऊन येतं, शाई उतरेल. शेवटी दादाच्या पलंगासमोरची भिंत ठरली आणि खालची कड जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर ठेवली. सगळे जण म्हणाले फार खाली लागलंय. पण दादा बहुतेक वेळ बसलेला असतो, आणि ओढा त्याच्या पायाशी यायला हवा.

त्याने पहिल्याच संध्याकाळी बोलावून एक जागा दाखवली. उजेडातल्या एका बुंध्यावर, बऱ्याच वर, वाळून तुटलेल्या फांदीचा खुंट. “ही गळून गेल्यावर झाड तिथे साल मिटवून घेणार. नंतर फळी कापली की आत मेलेली गाठ निघेल. रंधा मारताना निखळून पडणार.” मी तासभर त्या चित्रासमोर उभी राहून आले होते आणि मला तो खुंट दिसला नव्हता. किंवा दिसला असेल, पण त्याच्यापुढे काय होणार ते मी वाचलं नाही.

चौकट बाजारातली नको म्हणाला. वखार बंद केली तेव्हाच्या चार पाइनच्या फळ्या माळ्यावर पडून होत्या, खूप वर्षांच्या, पूर्ण सुकलेल्या. आमच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या सुतारकाकांना बोलावलं. दादाने खुर्चीत बसून प्रत्येक पट्टी हातात घेऊन रेषा बघितल्या, दाट रेषांच्या तीन वेगळ्या काढल्या. चौथ्या फळीत एक गाठ होती, अंगठ्याएवढी, घट्ट बसलेली. मी म्हटलं, ही कड भिंतीकडे फिरवा नाहीतर पुट्टी भरून पॉलिश करा. सुतारकाकाही तेच म्हणत होते.

“राहू दे,” दादा म्हणाला. “जिवंत गाठ आहे, पडणार नाही.”

ती आता खालच्या पट्टीत आहे, उजव्या कोपऱ्यापासून वीतभर आत. चित्र पुसायला गेले की माझं बोट तिच्यावरून जातं.